बकरी देवळात बांधून

आमच्या ख्रिस्ती मंडळीत सध्या एका वादाला ऊत आलाय. उपासनेच्या वेळी टाळ्या वाजवाव्यात की नाही? तरुण पोरं म्हणतात वाजवाव्यात, म्हातारे म्हणतात देवापुढं गप्प बसावं, आणि मधल्या वयाची माणसं दोन्हीकडं मान हलवून घरी जातात. परवा शेजारची एक पोरगी विचारायला आली, "आजी, देवाला कोणती उपासना चालते हो?" मी म्हटलं, "बाई, मला विचारू नकोस, मी बोलायला लागले की दुपार होते." तरी ती बसली. मग झाली दुपार.

तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते. मी काही शास्त्र शिकलेली नाही. शिकलेल्या लोकांशी मी या विषयावर वाद घालत नाही, कारण ते पुस्तकं काढतात आणि माझ्याजवळ फक्त एक बकरी आहे.

गोष्ट मोगलाईतली. निजामाचं राज्य आणखी दहाएक वर्षं टिकायचं होतं. जालन्याहून भोकरदनला जाणाऱ्या वाटेला आमची वस्ती होती, तीस-पस्तीस घरांची. सगळी बाप्तिस्मा घेतलेली, आणि सगळी मूळची कुठल्या ना कुठल्या गावाच्या कुसाबाहेरची. वस्तीच्या मधोमध मातीच्या भिंतींचं आणि कौलांचं लांबट देऊळ. हो, आम्ही देऊळच म्हणायचो, चर्च हा शब्द मागून आला. घंटा म्हणून लिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला. तो लोखंडी दांड्यानं ठोकला की पार नदीपर्यंत आवाज जायचा.

माझी माय बुटकी, काळीसावळी आणि विलक्षण घाईची. तिला अर्धं काही करताच यायचं नाही. तिनं आणि आबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लोक म्हणाले, नव्याचे नऊ दिवस. पण मायचे नऊ दिवस काही संपेनात. तिनं कुंकू पुसलं, देव्हाऱ्यातले टाक पूर्णेच्या डोहात टाकले, ताईत तोडले, आणि वस्तीवर राहायला आल्यावर वर्षभर शेजारणींच्या घरात डोकावून कुणी काही लपवून पुजतंय का ते बघत राहिली. आबा म्हणायचे, देवळातले पाळकसाहेब आजारी पडले तरी चालतंय, आपल्या घरात एक हाय.

बाप्तिस्म्याआधी आम्ही केदारखेड्याला राहायचो, थोरल्या चुलत्याच्या घरात. चुलतीला मी मोठीमाय म्हणायची. तिला पोटचं मूल नव्हतं. मी तिच्याच मांडीवर वाढले. मायला घाई असायची, मोठीमायला कधीच नसायची, त्यामुळं माझी वेणी तीच घालायची. आम्ही वस्तीवर आलो, ते दोघं तिथंच राहिले. त्यांना आमचा नवा धर्म नको होता. आम्हाला त्याचं वाईट वाटलं, पण भांडण काही झालं नव्हतं. भांडण झालं ते आखाडात.

आखाडात मोठीमायनं मरीआईला पुरणपोळीचा निवद दाखवला आणि त्यातल्या चार पोळ्या फडक्यात बांधून दोन कोस चालत माझ्यासाठी घेऊन आली. मला पुरणपोळी फार आवडायची, अजून आवडते. त्यांच्या घरात गहू म्हणजे सणाचा पाहुणा. ते पीठ तिनं कुणाकडून मागून आणलं असेल, देव जाणे. तिनं फडकं सोडलं, मी हात पुढं केला, आणि मायनं माझा हात धरला. मूर्तीपुढचं आपल्याला चालत नाही असं तिला नुकतंच कुणीतरी शिकवलं होतं. नुसतं नको म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण अर्धं काही करायचं नाही ना. तिनं चारी पोळ्या उचलल्या आणि दारातल्या कुत्र्यापुढं टाकल्या.

कुत्रं हावरट, त्यानं दोन घासांत संपवल्या. मोठीमायनं फडकं झटकलं, घडी केली, कमरेला खोचलं. "तुझ्या दारात पुन्यांदा पाय ठेवनार न्हाई," म्हणाली आणि गेली. मी रडले. मायनं मला दटावलं. पण त्या दिवशी तिनंही भाकरी खाल्ली नाही, हे मी पाहिलं होतं.

त्याच साली दिवाळीच्या आगेमागे मला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस. दवाखान्यातलं कडू औषध, डोक्यावर ओल्या पट्ट्या, उशाशी माय. शेवटच्या आठवड्यात मी कुणाला ओळखेनाशी झाले, असं सांगतात. तेव्हा मायनं नवस केला. नवस म्हणजे जुनी सवय, देव बदलला तरी ती काही जात नाही. तिनं प्रभूला सांगितलं, पोरगी उठू दे, पिकाच्या सणाला तुला माझी पांढरी बकरी देते. मी उठले. मायला धडकी भरली ती नंतर. कारण पाळकसाहेब नेहमी सांगायचे, आपला देव नवसाला विकला जात नाही. मग माझा नवस त्याला चालला की नाही? आणि नाही चालला तर पोरगी उसनी आणल्यासारखी झाली, कधीही परत मागून नेईल.

ती पाळकसाहेबांकडं गेली. ते नगरकडचे, सडपातळ, धुतलेल्या कोटाचे आणि पुस्तकी बोलणारे. स्वभावानं भला माणूस. त्यांनी सांगितलं, "बाई, लाच म्हणून आणू नका, आभार म्हणून आणा. देव दान बघत नाही, देणाऱ्याचं मन बघतो." मायचं समाधान झालं नाही. घरी येऊन आबांना म्हणाली, "बकरी धडधाकट हाय. मनाचं काय सांगावं?"

तेव्हापासून ती बकरीला जपायला लागली. तिला सरकी, तिला हरभऱ्याचा भुसा. मला ताक कमी, बकरीला जास्त. नवसाची मी, आणि लाड बकरीचे.

शिमग्याच्या आधी, शाळू निघाला की आमचा पिकाचा सण यायचा. सगळ्यांनी आपापल्या कष्टातलं काही ना काही देवळात आणायचं. टेबलापुढं ज्वारीच्या पेंढ्या, कणसांची तोरणं, लाल भोपळे, मिरच्या, वांगी, टोपलीतली अंडी. कोंबड्या आणि बकऱ्या बाहेर लिंबाखाली. आधी गाणी, मग प्रवचन, मग पाळकसाहेब सगळ्या दानावर हात पसरून प्रार्थना करायचे. ती प्रार्थना झाली की दान देवाचं झालं. तिच्याआधी कुणी जेवायचं नाही. बाहेर मोठ्या हंड्यात वरण शिजायचं, त्याचा वास खिडकीतून आत यायचा, आणि आम्हा पोरांचं सगळं लक्ष त्या वासाकडं.

त्या वर्षी पाळकसाहेबांच्या डोक्यात एक वेगळीच पीडा होती. मंडळीचे दोन वडील, म्हणजे देवळाचे पंच, दोघं पिकल्या मिशांचे, सात महिने एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून, तर रुळाचा तुकडा कुणी ठोकायचा यावरून. एक ठोकून गेला की दुसरा येऊन पुन्हा ठोकायचा. लोकांना कळेना की उपासना सुरू झाली की संपली. दोघं एकाच बाकावर दोन टोकांना बसून एकच गाणं मोठ्यानं म्हणायचे. पाळकसाहेबांनी ठरवलं, सणाच्या दिवशी यांना ऐकवायचंच.

म्हणून त्यांनी प्रभूची ती शिकवण काढली. तू देवापुढं दान घेऊन आलास आणि तिथं तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे, तर दान तिथंच वेदीपुढं ठेव. आधी जा, भावाशी गोडी कर, मग येऊन दान दे. हे सांगताना ते त्या दोन मिशांकडं आळीपाळीनं बघत होते. मिशा छताकडं बघत होत्या. पाळकसाहेबांचा आवाज चढला. गाणं गोड असेल, ते म्हणाले, कणसं भरदार असतील, पण भावाचा सल मनात ठेवून आणलेलं दान देवाला कसं चालेल?

लेकी बोले सुने लागे. मिशा हलल्या नाहीत, पण माझ्या शेजारी माय उभी राहिली.

मला वाटलं तिला बाहेर जायचंय. ती खरंच बाहेर गेली, आणि बकरी घेऊन आत आली. बायकांच्या मधून बकरीला ओढत पुढं गेली. पाळकसाहेब बोलायचे थांबले.

"पाळकसाहेब, वेदी म्हंजे ह्योच टेबल ना?"

"हो," ते म्हणाले. "म्हणजे, एका अर्थानं."

"मंग बराबर." मायनं टेबलाच्या पायाला दावं बांधलं, दोन गाठी मारल्या. "ही बाहेर बांधली हुती. तुमी म्हन्लात वेदीपुढं ठेव. आता मी केदारखेड्याला जाऊन येते. माझ्या जावंच्या मनात माझ्याबद्दल हाय. मी येईस्तोवर ह्या दानाला कुनी हात लावू नका, न् प्रार्थना बी करू नका."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "बाई, भावना चांगली आहे. पण उपासना चालू आहे. उद्या सावकाश जा."

"'आधी जा' असं तुमीच सांगितलं. उद्या जा असं न्हाई सांगितलं."

तेव्हा त्या दोन वडिलांपैकी एकाला कंठ फुटला. "अगं, तुझी जाऊ बाप्तिस्मा घेतलेली न्हाई. हे भावाबद्दल हाय. मंडळीतल्या भावाबद्दल."

माय त्याच्याकडं वळलीसुद्धा नाही. "पाळकसाहेब, बाप्तिस्मा झालेला भाऊ असं लिवलंय का तिथं?"

पाळकसाहेबांनी पुस्तकात पाहिलं. त्यांना ते पाठ होतं, तरी पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले. "नाही," ते म्हणाले. "तसं लिहिलेलं नाही."

"मंग येते. सलाम." तिनं माझं मनगट धरलं आणि आम्ही निघालो. मागं आबांनी कपाळाला हात लावलेला मी पाहिला.

वाटेत माय जवळजवळ पळत होती आणि मी तिच्यामागं फरफटत. पूर्णेला पाणी घोट्याएवढंच होतं. पाण्यात मधेच थांबून तिनं विचारलं, "काय म्हनू गं तिला?"

"माफ कर म्हण," मी म्हटलं.

"तेवढंच? दोन कोस चालून जायाचं न् तेवढंच?" पलीकडच्या काठापर्यंत ती पुटपुटत होती, काहीतरी लांबलचक जुळवत होती. ते जुळलं नसावं, कारण गाव दिसायला लागल्यावर ती गप्प झाली आणि तिचा हात गार पडला. माझ्या मायला भीती वाटते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझ्या तापात तिला ती वाटली असेल, पण ते मी पाहिलं नव्हतं.

मोठीमाय अंगणात काठीनं ज्वारीची कणसं बडवत होती. चुलता रानात गेलेला. तिनं आम्हाला पाहिलं, मला पाहून काठी क्षणभर हवेतच राहिली, मग पुन्हा खाली आली. धप, धप.

"काहून आलीस?"

"शास्त्रात निघालं म्हनून आले," माय म्हणाली. खरं बोलायची वाईट खोड होती तिला. "आक्का, माफ कर. पन जरा जल्दी कर. बकरी बांधून आल्ते, सगळी मंडळी खोळंबलीय."

मोठीमायनं काठी टेकवली. "म्हंजे शास्त्रासाठी आलीस. माझ्यासाठी न्हाई."

"तसं न्हवं."

"तसंच हाय. तुझी बकरी अडलीय म्हनून मी आठवले. जा बाई. केलं माफ. सांग तुझ्या देवाला." आणि पुन्हा धप, धप.

आता काम झालं होतं. माफ केलं असं तिनं तोंडानं म्हटलं होतं. उतावळी माझी माय, ती लगेच माघारी फिरेल असं मला वाटलं, पण ती हलली नाही. उन्हात उभी राहिली. मग भिंतीला टेकवलेली दुसरी काठी तिनं घेतली, पदर खोचला आणि मोठीमायच्या समोर बसून कणसं बडवायला लागली. आधी काठ्या एकमेकींना अडायच्या, मग हळूहळू एक वर आणि एक खाली अशा चालायला लागल्या. आठ वर्षं एका घरात राबलेल्या बायका त्या, हातांना सवय होती.

निम्मा ढीग झाला तेव्हा माय बोलली. मान वर न करता. "पोळ्या वाईट न्हवत्या, आक्का. मी वाईट हुते. तू दोन कोस चालत आल्तीस आन् मी तुला पानी बी इचारलं न्हाई. त्या दिवसापून माझ्या घशाखाली घास नीट उतरला न्हाई. हे शास्त्रातलं न्हाई. हे माझं हाय."

मोठीमायची काठी थांबली.

"पोळ्यांचं सोड," ती म्हणाली. "कुत्रं बी देवाचंच. पन पोरीनं हात पुढं केल्ता. तू तिचा हात धरलास. माझ्या हातचं तिला चालंना, ह्ये तू ठरवलंस." मग जरा थांबून म्हणाली, "तापात पडली तवा मला कळलं बाजारात. मी तुझ्या दारात यायची न्हाई असं बोलून बसल्ते. जीभ माझी बी तिखटच. मंग मी मरीआईला बोलले, पोरगी बरी हून माझ्या डोळ्यापुढं उभी राहीस्तोवर गोड खानार न्हाई."

"आन् मंग?" माय म्हणाली.

"मंग काय. दिवाळी गेली. संक्रांतीला तिळाचा दाना तोंडात न्हाई घातला. बरी झाली असं लोक सांगत हुते, पन लोकांच्या डोळ्यांनी बघायचं असं न्हवतं ठरलं."

मायनं काठी टाकून दिली. माझी माय रडली ती अशी, की तोंडावर पदर घ्यायचंही तिला सुचलं नाही. एका पोरीसाठी दोन कोसांच्या दोन टोकांना दोघी बसलेल्या, दोघींनी आपापल्या देवाला शब्द दिलेला, आणि माझ्या मायला वाटत होतं की नवस तिचा एकटीचाच. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, मला एवढं सगळं काही कळलं नाही. मी आपली जाऊन मोठीमायच्या पुढ्यात उभी राहिले. तिनं माझे गाल चाचपले, दंड चाचपले, केसांतून हात फिरवला. तापात माझे केस गळले होते. "येनी कुनी घातली ही?" म्हणाली. "उंदरानं कुरतडल्यागत."

माय उठून घरात गेली. त्या घरात काय कुठं असतं ते तिला डोळे मिटूनही सापडलं असतं. गुळाचं मडकं देवाच्या फळीखाली असायचं, कुंकवाच्या आणि उदबत्तीच्या राखेच्या अगदी खाली. टाक डोहात फेकणारी माझी माय त्या फळीखाली वाकली, मडक्यातून गुळाचा खडा फोडून घेऊन आली, आणि अर्धा तिनं मोठीमायच्या तोंडात घातला. अर्धा आपल्या तोंडात घातला. कुणाच्या पुढं ठेवलेला होता, काही विचारलं नाही. मग मला आठवण करून द्यावी लागली की मीही उभी आहे.

गूळ तोंडात विरघळला तशी मोठीमाय हसायला लागली. "पाच महिन्यांनी गोड लई गोड लागतंय गं," म्हणाली. मायही हसायला लागली. दोघी अंगणात बसून डोळे पुसत हसत होत्या. इतका आनंद मला त्या वयात पुन्हा कुठल्या सणाला झालेला आठवत नाही.

"आता बकरीचं काय म्हनत हुतीस?" मोठीमायनं विचारलं.

मायनं सांगितलं. टेबल, दावं, दोन गाठी, पाळकसाहेबांचा चष्मा. मोठीमायनं पोट धरलं. "देवळात? आत? सोडून आलीस?" तिनं काठी बाजूला ठेवली आणि उठली. "चल, मला बघू दे. आन् तुझ्या एकटीच्या तोंडावर कोन इस्वास ठेवंल? मी सांगते तुझ्या पाळकाला, गोडी झाली म्हनून."

इकडं देवळात काय झालं ते मी पाहिलं नाही, पण आबांनी ते मरेपर्यंत सांगितलं, आणि दर वेळी थोडं वाढवून. आम्ही गेल्यावर पाळकसाहेबांनी प्रवचन संपवलं, एक गाणं घेतलं, दुसरं घेतलं. बकरीला गाण्यांत गोडी नव्हती. तिनं टेबलाला लावलेली कणसांची तोरणं खायला सुरुवात केली. मग एका बाईच्या भोपळ्याची वेल. मग जालन्याच्या मिशनातल्या मडमसाहेबांनी स्वतः कशिदा काढलेल्या टेबलाच्या चादरीचं टोक. कुणीतरी म्हणालं, बाहेर काढू या. पाळकसाहेब म्हणाले, "हात लावायचा नाही. बाई सांगून गेल्या आहेत, आणि त्यांचं चुकलेलं नाही."

चादर तर वाचवायला हवी होती. ते दोन मिशीवाले वडील पुढच्या बाकावर, म्हणजे सगळ्यांत जवळ तेच. दोघं उठले. एकानं चादर सोडवायला घेतली, दुसऱ्यानं बकरीचं तोंड धरलं. बकरीनं हिसडा दिला. "अरे, धर बराबर," पहिला म्हणाला. सात महिन्यांतला तो पहिला शब्द. "धरलंय," दुसरा म्हणाला, "तू वढ." चादर सुटली, टोक गेलं ते गेलंच. दोघं बकरीच्या दोन बाजूंना जमिनीवर बसले, आणि बसल्या बसल्या एकानं दुसऱ्याला तपकिरीची डबी दिली. पाळकसाहेबांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं, त्यांना हसू आलं होतं म्हणे. सुंठीवाचून खोकला गेला. पुढं रूळ कुणी ठोकायचा याचाही निकाल लागला, एकानं सकाळी आणि एकानं संध्याकाळी.

पण प्रार्थना काही झाली नाही, आणि जेवणही नाही. वरण घट्ट होऊन त्याचं पिठलं व्हायला आलं. बायका दारातून विचारून जायच्या, झाली का? पोरं रडली, त्यांना भाकरीचे कोपरे देऊन गप्प केलं. काही जण कुरकुरले की एका बाईपायी सगळा सण अडला. पण उठून गेलं कुणी नाही. आबा म्हणायचे, बसल्या बसल्या जो तो आपापल्या भावकीचा विचार करू लागला होता आणि कुणाला कुणाकडं बघायचा धीर होत नव्हता. बकरीचंही सांगून टाकते, नाहीतर ती पोरगी पुन्हा विचारायला येईल. बकरी कापली नाही. इतका वेळ देवळात बसलेल्या जनावराला सुरी लावायला कुणी तयार होईना. ती वस्तीच्या विधवा बाईकडं दुधाला राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. आमचे आवाज ऐकून आत कुजबूज थांबली. माय आत शिरली, मला ओढून आत घेतलं, आणि जागेवर जाऊन बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की मोठीमाय मागं नाही.

ती उंबऱ्याबाहेर उभी होती. आत येईना. आमच्या लोकांना गावातल्या कुठल्याही देवळाची पायरी चढायला मनाई, तिचा सगळा जन्म देवाला लांबून हात जोडण्यात गेलेला. रस्ताभर हसत आलेली बाई दारात येऊन एकदम लहान झाल्यासारखी दिसत होती. ती बकरी बघायला आली होती, पण बकरीकडंही तिनं पाहिलं नाही. तिनं पदर कपाळावर ओढला, मग तसाच मागं सारला, म्हणजे कुंकू दिसावं.

"पाळकसाहेब," ती बाहेरूनच म्हणाली, "गोडी झाली आमची. तेवढं सांगायला आल्ते. मी तुमच्यातली न्हाई. कपाळाला माझ्या आईचं कुंकू हाय. आत आलेलं तुमच्या देवाला चालंल का? न्हाईतर मी हितूनच जाते."

सगळ्या माना पाळकसाहेबांकडं वळल्या. मायनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. सकाळी तिला आपल्या बकरीची काळजी होती. आता तिला त्या उंबऱ्याची होती. पाळकसाहेब टेबलामागून बाहेर आले, त्या दोन वडिलांच्या आणि बकरीच्या मधून वाट काढत थेट दारापर्यंत गेले.

"बाई," ते म्हणाले, "सकाळपासून सगळं तुमच्यावाचूनच अडलंय."

माय बाजूला सरकली. मोठीमाय आत आली, आमच्या दोघींच्या मधे बसली, आणि पाळकसाहेबांनी दानाची प्रार्थना सुरू केली.